आम्ही मागून जेवतो

पूर्वी शूर्पारक बंदरी सिंधुघोष नावाचा राजा धर्माने राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका नाखव्याच्या घरी जन्माला आला. घरच्यांनी त्याचे नाव ध्रुवमित्र ठेवले. तो फार बोलत नसे; पण एकदा 'करतो' म्हणाला की लोक ते काम झाले असे धरून आपापल्या घरी जात.

बापामागे त्याच्याकडे एकच जहाज उरले. त्याच्या डागडुजीला लागलेले सागवान बकुलेच्या वडिलांनी लग्नात आंदण म्हणून दिले होते. ही बकुला त्याची नवी नवरी. नाखव्यांच्या घरात अशी रीत होती, की नव्या सुनेने पहिल्या फेरीला नवऱ्याबरोबर जहाजावर जायचे. सासू म्हणे, "समुद्र ही तुझी थोरली सवत. एकदा तोंड बघून घे, म्हणजे घरी बसून कुढायला नको." बकुलेने मान खाली घालून हो म्हटले. नव्या सुनेला दुसरे काय म्हणता येते? पण मान खाली घालणाऱ्याला पुष्कळ गोष्टी दिसतात. वर बघून चालणाऱ्यांच्या त्या पायाखालून जातात.

त्याच सुमारास दक्षिणेच्या समुद्रात भूकंप झाला. समुद्र आधी मागे सरला आणि मग डोंगरासारखा उभा राहून पोवळ्यांच्या बेटांवर चालून आला. घरे गेली, होड्या गेल्या, विहिरींत खारे पाणी भरले. बेटावर जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही वार्ता किनाऱ्या-किनाऱ्याला पोचवली, आणि राजेलोकांत मदतीची चढाओढ लागली. एकाने गलबत पाठवले की दुसरा दोन पाठवी. सिंधुघोषाने दवंडी पिटवली. श्रीगुप्त नावाचा मोठा व्यापारी पताका लावलेल्या जहाजांचा तांडा घेऊन वाजतगाजत निघाला. त्याच्यामागून ध्रुवमित्रही आपले एकुलते एक जहाज घेऊन निघाला. त्याने तांदूळ मेणाने तोंड बंद केलेल्या मडक्यांत भरला होता. शिवाय कुदळी, कुऱ्हाडी, दोरखंड आणि विहिरी उपसायच्या बादल्या होत्या. पताका मात्र नव्हती.

सुकाणू धरणारा त्याचा म्हातारा तांडेल कर्कट म्हणाला, "धनी, एखादं फडकं तरी लावा. लोकांना वाटेल, आपण उधारी वसूल करायला निघालोय."

वाटेत त्यांना श्रीगुप्ताचा तांडा परत येताना भेटला. श्रीगुप्त जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उभा होता आणि त्याच्या गळ्यात बेटावर मिळालेली कवड्यांची माळ होती.

"अहो ध्रुवमित्र, कशाला एवढी दगदग?" तो ओरडून म्हणाला. "तिथं काही कमी नाही. आम्हांला पाच पदार्थांचं जेवण वाढलं, वर नाच करून दाखवला. संकटातली माणसं अशी हसतात होय? आता राजाच्या अमात्यांना घेऊन येतो. भलामोठा तांडा आणतो. त्यांनाही कळू दे, आपल्या मदतीनं बेटं कशी वर आली ती."

"तुम्ही काय दिलंत?" ध्रुवमित्राने विचारले.

"थोडं धान्य होतं. रेशीम दिलं, आरसे दिले. माणसानं संकटात नीटनेटकं राहावं."

ध्रुवमित्राने जहाज वळवले नाही.

बेटाभोवती पोवळ्यांच्या खडकांचा कडा होता. त्यातल्या एका फटीतून जहाज आत घेऊन त्यांनी नांगर टाकला. वाळूवर पाय ठेवताच माणसे हसत पुढे आली. सर्वांच्या पुढे तिमाई होती. ती बेटावरची सगळ्यांत थोरली. लाटेने तिचे दोन मुलगे नेले होते, पण पाहुण्यांसमोर तिने तो विषय काढला नाही. व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्यामुळे बेटावरच्यांना शूर्पारकाची बोली येत होती.

"आधी जेवा," ती म्हणाली. "बाकी सगळं मग."

पुरुषांची पंगत मांडवात बसली आणि बकुलेला बायकांत बसवले. पाच पदार्थ आले. एक उकडलेला, एक भाजलेला, एक ठेचलेला, एक नारळाच्या दुधातला आणि एक वाळवून कुरकुरीत केलेला. बकुलेने पाचही चाखले आणि तिचा हात थांबला. पदार्थ पाच होते, पण कंद एकच होता.

वाढणाऱ्या बाया हसतमुख होत्या. कुणी 'तुम्ही?' म्हटले की त्या म्हणत, "आम्ही मागून जेवतो." हे वाक्य बकुलेला नवे नव्हते. सासरी ती रोज तेच म्हणत असे. प्रत्येक घरी ते खोटेच असते असे नाही, पण ते खरे आहे की नाही हे भांड्याच्या आवाजावरून कळते. भरल्या भांड्यात पळी बुडते, रिकाम्या भांड्यात खरवडते. मांडवामागून बकुलेला खरवडण्याचा आवाज आला.

पाणी पिण्याचे निमित्त करून ती उठली आणि मागे गेली. तिथे मुले ओळीने बसून कंदांच्या साली चोखत होती. जमिनीत खणलेले एक पेव उघडे होते. त्याच्या तळाशी थोडेसे कंद होते आणि प्रत्येकाला कोवळा जांभळा कोंब फुटलेला होता. बकुला शेतकऱ्याची नात होती. कोंब आलेला कंद खायला ठेवत नाहीत, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

"हे बियाणं आहे ना, आजी?" तिने विचारले.

तिमाई मागे येऊन उभी होती. तिने आधी पेवावर झाकण ठेवले.

"पाहुण्यानं मागच्या बाजूला येऊ नये, पोरी."

"मी सून आहे. मला पुढची बाजू कुठून माहीत असणार?"

म्हातारीला हसू आले आणि हसता हसता तिचा बांध सुटला. ती पेवाच्या कडेला बसली.

"खारकंद म्हणतात याला. आमच्या खाऱ्या वाळूत हाच एक येतो. तुमचा भात इथं पेरला तर हसेल आमच्यावर. लाट आली तेव्हा उंचावरचं हे एक पेव वाचलं."

"मग तेच का शिजवता? आलेलं धान्य का नाही?"

"ते लेकरांनी खाल्लं, सरलंही. आणि पाहुण्याला त्यानंच आणलेलं शिजवून घालायचं? त्यापेक्षा त्याच्या तोंडावर थुंकावं. पाहुण्याला आपल्या मातीतलं वाढायचं. तो जेवला की मग त्यानं दिलेलं ती भेट होते. न जेवलेल्याच्या हातून घेतलं तर ती भीक. भीक घेतलेल्या माणसाला समुद्र मासा देत नाही."

"जहाजं किती आली, आजी?"

"देव भलं करो त्यांचं, सगळीच आली," तिमाई म्हणाली. "मोठ्या मनाची माणसं. आठ-आठ दिवस राहतात."

बकुला परत येऊन नवऱ्याजवळ गेली. चारचौघांत त्याच्याशी बोलायची तिची ही पहिलीच वेळ. तिने कानात सांगितले ते दोनच वाक्यांत. ध्रुवमित्राचे जेवण झाले होते. त्याने आपल्या पानाकडे पाहिले. त्यावर एक साल उरली होती, सालीवर एक तुटका कोंब. तो त्याने उचलून ओच्यात बांधला.

जहाजावर परतल्यावर त्याने समुद्राकडे तोंड करून संकल्प केला. "हा कंद जमिनीत जाऊन पुन्हा उगवेपर्यंत माझ्या पानात येणार नाही. आणि या बेटाचं उरलेलं बियाणं कुणाही पाहुण्याच्या पोटात जाऊ देणार नाही."

"संकल्प झकास आहे," कर्कट म्हणाला. "पण उद्या माल उतरवायचा, म्हणजे उद्या जेवण. परवा उतरवायचा, म्हणजे परवा जेवण. तो श्रीगुप्त अख्खी राजसभा घेऊन येतोय. पेवात काय राहणार, झाकण? त्यापेक्षा मडकी किनाऱ्यावर ठेवू आणि पळून जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ध्रुवमित्राने तिमाईला तसे विचारून पाहिले. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"कावळ्यांना टाकतात तसं? ठेवा. पडून राहील."

"न जेवता राहिलो तर?"

"तर वैरी म्हणून राहिलात."

ध्रुवमित्र वाळूवर बसला. नाराज होऊन उठून जाणे सोपे होते. 'आम्ही आणले, त्यांनी घेतले नाही,' असे सांगितले असते तर शूर्पारकात कुणी दोष दिला नसता. पण तो बसूनच राहिला. त्याच्या मागे बकुलाही बसली. पुष्कळ वेळाने त्याने विचारले, "आई, या बेटावर पाहुणा कोण नसतो?"

"हा काय प्रश्न झाला? मी नाही. माझ्या सुना नाहीत. आमची मेलेली माणसं नाहीत." ती थांबली. "आणि समुद्रानं टाकलेला."

"म्हणजे?"

"ज्याची होडी फुटली तो. तो वाळूवर आला की आमचा. त्याला पंगत नाही. त्याला काम. घरच्यांसारखा मागून जेवतो, जे असेल ते. आणि फुटल्या होडीतलं जे वाहून येईल ते साऱ्या बेटाचं. त्यात देणारा नाही, घेणारा नाही. समुद्राचे आभार कोण मानतं?"

"होडी कशी फुटली हे बघता का?"

तिमाईने त्याच्याकडे निरखून पाहिले. "ते आम्ही समुद्राला कधी विचारलं नाही. पण फुटली पाहिजे, बाळा. वाळूवर टेकवून 'फुटली' म्हणायचं सोंग इथं चालत नाही. ज्याला परत जायला होडी आहे तो पाहुणाच."

मग ध्रुवमित्र जहाजावर गेला आणि त्याने सर्वांना बोलावले. खलाशी मोजकेच होते आणि सगळे कर्कटाचे पुतणे-भाचे. त्याने काय करायचे ते सांगितले.

कर्कट म्हणाला, "धनी, या सुकाणूवर माझं आयुष्य गेलं. खडक चुकवायला शिकलो. आता म्हातारपणी नेम धरून आपटायला सांगता? तुमचे वडील वरून बघत असतील तर त्यांना काय सांगू?"

"सांग, मुलानं जहाज बंदराला लावलं."

म्हाताऱ्याने नाक शिंकरले. "मी आपटणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. नाहीतर धड फुटायचंही नाही." तो हो म्हणाल्यावर पुतण्या-भाच्यांचेही हो आले.

आता ध्रुवमित्र बकुलेकडे वळला. "यातलं सागवान तुझ्या वडिलांचं आहे. तू नाही म्हणालीस तर दुसरी वाट शोधीन. सापडेल की नाही माहीत नाही. आणि जहाज गेलं तर घरी कधी जाऊ तेही माहीत नाही."

बकुलेने डोलकाठीवरून हात फिरवला. वडिलांच्या अंगणात ते ओंडके वाळत पडले होते, तेव्हा ती त्यांवर बसून चिंचा खात असे. डोळ्यांत पाणी आले ते तिने येऊ दिले. मग ती म्हणाली, "सवतीचं तोंड बघून ये म्हणाल्या होत्या सासूबाई. तुम्ही तर अख्खा संसार तिच्या पदरात टाकताय."

"होय."

"मग नीट टाका. मडक्यांची तोंडं मी पुन्हा एकदा बघून घेते. एखाद्याचं मेण सुटलं असेल तर तांदूळ भिजेल."

त्या दिवशी भर दुपारी, भरती पुरती चढल्यावर, त्यांनी नांगर काढला. जहाज फटीतून बाहेर नेले, वळवले आणि सगळी शिडे सोडली. किनाऱ्यावर माणसे गोळा झाली. पाहुणे न सांगता चालले असे वाटून काहीजण हात हलवू लागले. तेवढ्यात जहाज उलटे फिरून सरळ कड्यावर येताना दिसले आणि हलणारे हात जागच्या जागी थांबले. कर्कट सुकाणूला छाती लावून उभा होता आणि मोठमोठ्याने जहाजाची माफी मागत होता.

धडक बसली तेव्हा बकुलेला वाटले, आपल्याच बरगड्या मोडल्या. सागवान लगेच तुटले नाही. आधी कण्हले, मग एकदम उघडले. मागून आलेल्या लाटेने सगळ्यांना उचलून कड्याच्या आतल्या शांत पाण्यात फेकले. मडकी एकामागून एक वर आली आणि बदकांसारखी किनाऱ्याकडे निघाली. ध्रुवमित्राने एका हाताने फळी धरली होती, दुसऱ्याने बकुलेची वेणी. खोकत, ओरबाडलेले, पण सगळे जिवंत असे ते वाळूवर आले. कर्कटाच्या हातात सुकाणूचा दांडा तसाच होता.

तिमाई पुढे आली. तिने फुटलेल्या जहाजाकडे पाहिले. मग या ओल्या माणसांकडे पाहिले. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"काय उभे राहिलात बघत? समुद्रानं माणसं टाकलीत. पंगत नाही, काही नाही! ए, वाहून आलेलं गोळा करा. साऱ्यांचं आहे." एका फळीत अडकून आलेली कुदळ तिने उचलली आणि ध्रुवमित्राच्या पुढ्यात टाकली. "हे घे. विहिरी उपसायच्यात. ऊठ."

ध्रुवमित्राने कुदळ घेतली. ते जहाज देऊन त्याला मिळालेली ती एकच वस्तू.

त्या संध्याकाळी बेटावर भात शिजला. मुले आधी जेवली, मग म्हातारी माणसे, शेवटी टाकलेली माणसे आणि बाया. बकुला पंगतीच्या मागे, पळी हातात घेऊन उभी होती. एका वर्षात ती दुसऱ्यांदा सून झाली होती. फरक एवढाच की इथली सासू तिला हसताना पाहून ओरडत नव्हती.

उरलेले खारकंद पेवातून निघाले ते सरळ मातीत गेले. ध्रुवमित्राच्या ओच्यातला तुटका कोंबही त्याने एका कोपऱ्यात लावला. तिमाई म्हणाली, तो काही जगायचा नाही. जहाजाच्या फळ्यांची घरे झाली, शिडांचे मांडव झाले. विहिरीतले पाणी उपसले की पुन्हा खारटच येई. पुरुष पुन्हा उपसत. कर्कट रोज एक थेंब जिभेवर घेई आणि म्हणे, "अजून समुद्रच आहे." हात फुटले, पाठी वाकल्या, तरी ध्रुवमित्र रोज उजाडताच विहिरीवर हजर असे. एके दिवशी कर्कटाने थेंब घेतला, तोंड वाकडे केले नाही, आणि ओंजळभर पाणी मागून पिऊन टाकले.

मग क्षितिजावर श्रीगुप्ताच्या पताका दिसल्या. वेल नुकते वर चढले होते. खाली कंद धरायचा होता. तांडा पाहून बायकांची तोंडे उतरली. रीत ती रीत. इतकी माणसे वाळूवर उतरली असती तर जमिनीतले कोवळे कंद उकरून वाढावे लागले असते.

"मी पुढे जातो," ध्रुवमित्र म्हणाला आणि फळ्यांच्या होडीतून एकटाच कड्याबाहेर गेला.

उन्हाने काळवंडलेला, कमरेला झावळ्यांचे नेसू असलेला माणूस श्रीगुप्ताने ओळखला नाही. "अरे, तुमच्या म्हातारीला सांग, राजाचे अमात्य आलेत. तो पाच पदार्थांचा बेत करा."

"श्रीगुप्तशेठ, तो बेत बियाण्याचा होता," होडीतला माणूस म्हणाला. "मी ध्रुवमित्र. मीही खाल्लाय."

श्रीगुप्ताचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. शेजारी उभे असलेले वृद्ध अमात्य कठड्याशी आले आणि त्यांनी सगळे पहिल्यापासून विचारले. ध्रुवमित्राने सांगितले, स्वतःकडे मोठेपणा न घेता, पण काही न गाळता.

"मग आम्ही आणलेलं आता कसं देणार?" अमात्यांनी विचारले. "आम्हीही जहाजं फोडायची?"

"नको. एक फुटलं तेवढं पुरे. आता मी या घरचा आहे आणि तुम्ही माझ्या गावचे. सोयऱ्याघरून आलेली शिदोरी ही भीक नसते, तिला पंगत लागत नाही. माल माझ्या हाती द्या. आणि उतरायचं असेल त्यानं घरच्यासारखं उतरावं. पादत्राणं जहाजावर, हातात कुदळ, आणि आपला शिधा घरच्या चुलीवर. जेवण सगळ्यांच्या मागून."

अमात्यांनी पादत्राणे काढली.

"शेठ, तुम्ही?" त्यांनी विचारले.

श्रीगुप्ताला ऊन लागल्यासारखे झाले होते. तो सावलीत बसून राहिला आणि आरशांच्या पेट्या आल्या तशा परत गेल्या. पण कितीतरी माणसे कुदळी घेऊन उतरली, आणि तेव्हापासून ज्या ज्या किनाऱ्याहून मदत आली ती त्याच रीतीने आली. लोक येत, राबत, मागून जेवत, निघून जात.

यथाकाळी वेल पिवळे पडले. खणताना तिमाईने पहिला कंद वर काढला, तो कोपऱ्यातल्या त्या तुटक्या कोंबाखालचा निघाला. तिने तो पुसला आणि कुणाला काही न सांगता पदरात घातला.

त्या दिवशी मांडवात सगळ्यांत पुढे दोन पाने मांडली होती. तिमाईने ध्रुवमित्र आणि बकुलेला हाताला धरून तिथे आणले. किनाऱ्यावर, त्यांच्याच जहाजाच्या उरलेल्या सागवानाची एक नवी नाव उभी होती. त्या दोन पानांचा अर्थ दोघांनाही कळला. ती पाने पाहुण्यांची होती. परत जायला त्यांना होडी मिळाली होती.

"बस, बाळा," तिमाई म्हणाली. "तुझा संकल्प पुरा झाला. आता तरी खा."

ध्रुवमित्राने बकुलेकडे पाहिले. बकुलेने खाली वाकून दोन्ही पाने उचलली, एक कडेच्या मुलासमोर ठेवले, एक तिमाईसमोर. मग भांड्यात पळी बुडवली. ती खरवडली नाही.

"तुम्ही बसा, आजी," ती म्हणाली. "आम्ही मागून जेवतो."

अचिरवती नदीच्या पुरात वाहून गेलेल्या एका गावी काही भिक्षू सांत्वनाला गेले होते आणि गावकऱ्यांनी आग्रहाने भरलेली पात्रे घेऊन परतले होते. ती भरलेली पात्रे पाहून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्यांना ही पूर्वजन्मीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा श्रीगुप्त हा देवदत्त होता. वृद्ध अमात्य म्हणजे सारिपुत्त, सुकाणू न सोडणारा कर्कट म्हणजे आनंद. तिमाई म्हणजे महाप्रजापती गौतमी. बकुला ती राहुलमाता. बेटावरचे लोक हीच आपली परिषद. आणि ध्रुवमित्र तो मीच. दान पुष्कळांनी दिले होते. पण ते पोचेपर्यंत न उठणे, ही अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता होय."

भिक्षूंनी आपल्या पात्रांकडे पाहिले. ते उठले आणि कुदळी मागून घेऊन त्या गावाच्या वाटेला लागले.